लिनक्समध्ये ॲप टाकायचं म्हणजे डोक्याला ताप? रिपॉझिटरी, पीपीए आणि फ्लॅटपॅकची भानगड समजून घ्या

नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. एक कोटीहून जास्त सबस्क्रायबर असलेल्या 'लिनस टेक टिप्स' या यूट्यूब चॅनलच्या लिनस सेबॅस्टियन यांनी एक चॅलेंज घेतलं. घरच्या कॉम्प्युटरवर महिनाभर विंडोजला हात लावायचा नाही, फक्त लिनक्स वापरायचं. त्यांनी 'पॉप ओएस' नावाचं लिनक्स टाकलं. गेम खेळायच्या तर 'स्टीम' हवं, म्हणून ॲप स्टोअर उघडलं, स्टीमवर क्लिक केलं. एरर आला.

मग त्यांनी तेच केलं जे अशा वेळी सगळेच करतात. नेटवर शोधलं, एक कमांड मिळाली, ती टर्मिनलमध्ये टाकली. कॉम्प्युटरनं पॅकेजेसची भलीमोठी यादी समोर ओतली आणि तळाशी बजावलं, की हे धोकादायक ठरू शकतं, तरीही पुढे जायचं असेल तर 'यस, डू ॲज आय से!' हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा. त्यांनी टाइप केलं. थोड्या वेळानं डेस्कटॉपच गायब झाला आणि समोर उरला काळा स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला आणि दोन तट पडले. एक म्हणाले, इशारा वाचला का नाही? दुसरे म्हणाले, साधं गेमचं ॲप टाकताना अख्खा डेस्कटॉप उडू शकतो, ही कसली सिस्टिम?

हा वाद आज आठवायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न चालणारे असंख्य चांगले लॅपटॉप घराघरांत पडून आहेत आणि त्यांच्यावर लिनक्स टाकून बघणाऱ्यांची संख्या वाढतेय. लिनक्स टाकणं आता सोपं झालंय. गाडी अडते ती दुसऱ्या दिवशी, पहिलं ॲप टाकताना.

सेटअपची फाइल कुठाय?

विंडोजची सवय अशी: वेबसाइटवर जा, फाइल डाउनलोड करा, 'नेक्स्ट नेक्स्ट फिनिश'. लिनक्समध्ये हा रस्ता जवळपास कुणी घेत नाही. तिथं सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात असतं आणि ही पॅकेजेस एका मोठ्या ऑनलाइन गोदामात ठेवलेली असतात. या गोदामाचं नाव 'रिपॉझिटरी'. डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीच्या गोदामात जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. मोबाइलवर प्ले स्टोअर यायच्या कितीतरी आधीपासून ही पद्धत आहे, आणि प्ले स्टोअरची कल्पना लिनक्सवाल्यांना फारशी नवी वाटली नाही ती त्यामुळेच.

पण पॅकेज एकटं येत नाही. फोटो एडिट करणाऱ्या प्रोग्रॅमला जेपेग फाइल उघडायची असते, अक्षरं दाखवायची असतात, नेटशी बोलायचं असतं. ही कामं प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही. त्यासाठी 'लायब्ररी' नावाचे सामायिक तुकडे असतात. चाळीतल्या सामायिक नळासारखं समजा. प्रत्येक बिऱ्हाडानं आपली वेगळी टाकी बसवायची नाही, सगळ्यांनी एकाच नळावर पाणी भरायचं. जागा वाचते, आणि नळ गळायला लागला तर एकदाच प्लंबर बोलावला की सगळ्या चाळीचं काम होतं. सुरक्षेच्या दृष्टीनं हा मोठा फायदा आहे.

तोटाही चाळीसारखाच. एका बिऱ्हाडाला नवा नळ हवा असतो, दुसऱ्याचं जुन्यावरच भागतं, आणि भांडण लागतं. या एकमेकांवर अवलंबून असण्याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. लिनक्सवरच्या इन्स्टॉलेशनच्या बहुतेक कटकटींचं मूळ इथंच आहे.

एका फाइलसाठी दहा फाइली

डेबियनची सुरुवात ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं केली. तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांच्या जोडीतून 'डेबियन' झालं. पुढच्याच वर्षी 'डीपीकेजी' हे टूल आलं. त्यानंतर रेड हॅटनं आपलं 'आरपीएम' आणलं. दोन्ही टूल्स पॅकेज नीट बसवायची, काढायची, कोणती फाइल कुणाची याची नोंद ठेवायची. मात्र पॅकेजला आणखी काही लागत असेल तर ती फक्त नकार द्यायची. अमुक लायब्ररी नाही, आधी ती आणा.

मग ती शोधायची. ती मिळाली की तिला तिसरीच काहीतरी हवी असायची. तेही डायल-अप इंटरनेटच्या काळात, जेव्हा एक एमबी उतरवायलाही मिनिटं मोजावी लागायची. या चक्राला लोकांनी 'डिपेंडन्सी हेल' असं नाव दिलं ते उगाच नाही.

यावरचा तोडगा म्हणजे 'एपीटी', म्हणजेच बोलीभाषेतलं 'ॲप्ट'. १९९८ मध्ये ते लोकांसमोर आलं आणि मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत सगळ्यांच्या हाती पडलं. ॲप्टनं एकच गोष्ट केली, पण ती पुरेशी होती. तुम्ही फक्त हव्या त्या प्रोग्रॅमचं नाव सांगायचं. त्याला काय काय लागतं, ते कुठल्या गोदामात आहे, कोणत्या क्रमानं बसवायचं, हा हिशेब ॲप्ट करणार. डीपीकेजी गेलं नाही, ते आजही खाली बसून फाइली ठेवायचं काम करतंच. ॲप्ट हा त्याच्या वरचा मुकादम.

रेड हॅटच्या बाजूला हेच काम 'यम'नं केलं. त्याची कुळकथा मजेशीर आहे. 'यलो डॉग लिनक्स' नावाच्या, ॲपलच्या जुन्या पॉवरपीसी मशीनवर चालणाऱ्या लिनक्ससाठी एक अपडेटर होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फिजिक्स विभागाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सेठ विडाल आणि सहकाऱ्यांनी तो बदलून आपल्या कामाचा करून घेतला. म्हणून पूर्ण नाव 'यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड'. २०१५ पासून फेडोरामध्ये त्याची जागा 'डीएनएफ'नं घेतली.

अपडेट आणि अपग्रेडमध्ये काय फरक आहे?

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. टर्मिनलमध्ये दोन कमांड दिल्या जातात: 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. (टाइप अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या.) पहिलीनं काहीही अपडेट होत नाही! ती फक्त गोदामाची ताजी यादी घेऊन येते, आज कोणत्या मालाची कुठली आवृत्ती आहे हे तपासते. खरा माल आणून बसवते ती दुसरी कमांड. 'सुडो' म्हणजे 'हे काम ॲडमिनच्या अधिकारानं कर'.

म्हणूनच बऱ्याच दिवसांनी लॅपटॉप उघडून थेट ॲप टाकायला गेलं की कधी कधी 'फाइल सापडली नाही' असं उत्तर येतं. कॉम्प्युटरकडे जुनी यादी असते आणि गोदामातला माल दरम्यान बदललेला असतो. आधी अपडेट केलं की प्रश्न सुटतो.

आता कॉम्प्युटरला गोदामाचा पत्ता कुठून कळतो? त्यासाठी 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत एका रिपॉझिटरीचा पत्ता. अलीकडच्या उबंटू आणि डेबियनमध्ये ही माहिती वेगळ्या, वाचायला सोप्या मांडणीत ठेवली जाते, उबंटू २४.०४ पासून नव्या सिस्टिमवर तीच असते.

पत्त्यासोबत किल्लीही लागते. गोदामाच्या यादीवर डिजिटल सही असते आणि ती खरी आहे की नाही हे ती 'जीपीजी की' वापरून तपासलं जातं. मध्येच कुणी बनावट माल घुसवला तर सही जुळत नाही आणि ॲप्ट अडून बसतं. स्क्रीनवर 'नो पबकी' असं काही दिसलं तर अर्थ एवढाच, की पत्ता आहे पण किल्ली नाही. हा एरर आल्यावर सही तपासणं बंद करण्याचे 'उपाय' नेटवर सापडतात. ते करू नयेत. घराचं कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून टाकण्यासारखं आहे ते.

पीपीए: सोय झाली, जोखीम आली

उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. तिच्या गोदामात एक नियम होता आणि अजूनही बराचसा आहे. आवृत्ती बाहेर पडली की पॅकेजेस गोठवली जातात. त्यानंतर मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात, नवी फीचर्स नाहीत. ऑफिसच्या सर्व्हरसाठी हे उत्तम. पण घरी बसलेल्या माणसाला कालच आलेलं नवं व्हर्जन हवं असतं.

२००७ मध्ये उबंटूची कंपनी कॅनॉनिकलनं आपल्या 'लाँचपॅड' साइटवर 'पर्सनल पॅकेज आर्काइव्ह', म्हणजे पीपीए ही सोय सुरू केली. कुणाही डेव्हलपरला स्वतःचं छोटं गोदाम उघडता येऊ लागलं. वापरणाऱ्याला मात्र सुरुवातीला बरीच यातायात होती. पत्त्याची ओळ कॉपी करा, फाइलमध्ये चिकटवा, किल्ली वेगळी मागवा, मग अपडेट. ओळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबर २००९ मध्ये उबंटू ९.१० सोबत 'ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी' ही कमांड आली आणि हे सगळं एका ओळीत होऊ लागलं. पीपीएचं नाव द्या, पत्ता आणि किल्ली ती स्वतः आणते.

इथून पीपीए अक्षरशः पसरले. ते इतके झाले की ते सांभाळायला वेगळी टूल्स निघाली. 'वाय पीपीए मॅनेजर' हे त्यातलं एक: पीपीए शोधणं, जोडणं, काढणं, एकच पत्ता दोनदा पडला असेल तर तो हटवणं, हरवलेल्या किल्ल्या परत आणणं, सगळं एका खिडकीतून. दुसरं 'पीपीए-पर्ज'. पीपीएचा पत्ता नुसता काढला तर त्यातून आलेली पॅकेजेस तशीच मागे राहतात. पीपीए-पर्ज ती उबंटूच्या मूळ आवृत्तीवर परत नेतं.

जोखीम कुठे आहे? पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट ॲडमिनच्या अधिकारानं चालतात. म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाचा पीपीए जोडणं म्हणजे त्याला घराची चावी देणं, आणि तीही कायमची, कारण पुढचे अपडेटही तिथूनच येणार. शिवाय पीपीएमधलं पॅकेज सिस्टिमच्या मूळ पॅकेजची जागा घेऊ शकतं. उबंटूची मोठी आवृत्ती बदलताना बाहेरचे सगळे सोर्स आपोआप बंद केले जातात ते याच भीतीनं.

सोपं करायच्या नादात

सोपं करण्याचे सगळेच प्रयत्न चांगले नव्हते, आणि त्यातला एक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुरुवातीच्या उबंटूमध्ये पेटंटच्या कटकटीमुळे साधं एमपी३ गाणंही वाजायचं नाही. त्यासाठी 'ऑटोमॅटिक्स' नावाचं टूल आलं. हवं त्यासमोर टिक करा, बटण दाबा, चहा पिऊन या. लोक खूश. मात्र ऑगस्ट २००७ मध्ये उबंटूचे डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी त्याची तपासणी करून जाहीरपणे सांगितलं, की हे टूल पॅकेज व्यवस्थेचे नियम पाळत नाही आणि सिस्टिमला खरोखर धोका निर्माण करतं. पुढच्या वर्षी तो प्रकल्प बंद झाला.

ऑटोमॅटिक्सची लोकप्रियता खोटी नव्हती, गरज खरी होती. आज तेच काम 'उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज' या एका अधिकृत पॅकेजनं होतं. गाणीही वाजतात, व्हिडिओही चालतात.

ज्यांना टर्मिनल नको त्यांच्यासाठी 'सिनॅप्टिक' होतं, आणि अजूनही आहे. ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीतून ते निघालं. दिसायला जुनाट, पण कोणतं पॅकेज कुणावर अवलंबून आहे, कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत, हे इतक्या नेमकेपणानं दाखवणारं ग्राफिकल टूल आजही क्वचितच सापडेल. २००९ मध्ये 'उबंटू सॉफ्टवेअर सेंटर' आलं आणि दोन वर्षांनी सिनॅप्टिक उबंटूच्या मूळ इन्स्टॉलमधून काढलं गेलं. नव्या माणसासाठी ते बरोबरच होतं. जुने लोक आजही पहिल्या दिवशी सिनॅप्टिकच टाकतात.

टर्मिनलवाल्यांचीही थोडी सोय झाली. आधी शोधायला 'ॲप्ट-कॅश', बसवायला 'ॲप्ट-गेट' अशा वेगवेगळ्या कमांड होत्या. १ एप्रिल २०१४ ला ॲप्टची १.० आवृत्ती आली, त्यात रोजची कामं 'ॲप्ट' या एकाच शब्दाखाली आली आणि प्रोग्रेस बारही दिसू लागला. तारीख एप्रिल फूलची असली तरी बातमी खरी होती.

चाळीतून फ्लॅटमध्ये

सामायिक नळाचं भांडण कायमचं मिटवायचा मार्ग म्हणजे प्रत्येकाला आपली टाकी. 'फ्लॅटपॅक', 'स्नॅप' आणि 'ॲपइमेज' हे तेच करतात. ॲपला लागणारं बहुतेक सामान सोबत येतं आणि एकच फाइल उबंटू, फेडोरा, मिंट सगळीकडे चालते. फ्लॅटपॅक आणि स्नॅप ॲपला एका कुंपणात ठेवतात, म्हणजे त्याला सगळ्या फाइलींना मुक्तपणे हात लावता येऊ नये. किंमत मोजावी लागते ती जागेची. एखादं छोटं ॲप टाकायला गेल्यावर शेकडो एमबी उतरले तर दचकू नका, त्यातलं बरंचसं सामान पुढच्या फ्लॅटपॅकला पुन्हा वापरता येतं.

स्नॅप कॅनॉनिकलचं, आणि त्याचं स्टोअरही फक्त कॅनॉनिकलचं. यावरून बरीच वादावादी झाली. उबंटू २२.०४ मध्ये 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' टाइप केलं तरी मागून स्नॅपच येतं. मागितलं एक, दिलं दुसरं! लिनक्स मिंटनं तर २०२० मध्येच स्नॅपला परवानगीशिवाय आत यायला बंदी घातली.

कुंपण आहे म्हणून चोर येत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'एक्झोडस' या क्रिप्टो वॉलेटची नक्कल स्नॅप स्टोअरवर आली होती. एका माणसानं त्यात आपल्या वॉलेटचे गुप्त शब्द भरले आणि त्याचे सुमारे ९ बिटकॉइन गेले. तेव्हाच्या भावानं जवळपास ४ लाख ९० हजार डॉलर, म्हणजे चार कोटी रुपयांच्या घरात. इथं कुठलंही कुंपण तोडायची गरजच पडली नाही, शब्द त्यानं स्वतःच टाइप केले होते. पुढच्याच महिन्यात कॅनॉनिकलनं नव्या स्नॅपच्या नावांची माणसांकडून तपासणी सुरू केली. 'फ्लॅटहब' या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवर ॲप मूळ डेव्हलपरनंच टाकलं असेल तर 'व्हेरिफाइड' अशी खूण दिसते. लिनक्स मिंट २२ मध्ये ही खूण नसलेले फ्लॅटपॅक सुरुवातीला दाखवतच नाहीत.

अधिकृत गोदामही पूर्ण निर्धोक नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये कुणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं ते शोधलं. तोवर ते डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचलं होतं, पण स्थिर आवृत्तीत शिरलं नव्हतं. गोठवलेल्या, 'जुनाट' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गोदामानं त्या दिवशी असंख्य सर्व्हर वाचवले.

मग ॲप नेमकं कुठून घ्यायचं?

आधी आपल्या लिनक्सच्या ॲप स्टोअरमध्ये बघा. तिथं एकाच ॲपच्या दोन आवृत्त्या दिसतील, एक 'सिस्टिम पॅकेज' आणि एक 'फ्लॅटपॅक' किंवा 'स्नॅप'. जुन्या लॅपटॉपवर जागा कमी असेल तर सिस्टिम पॅकेज घ्या. ताजं व्हर्जन हवं असेल तर व्हेरिफाइड फ्लॅटपॅक. पीपीए सगळ्यात शेवटी, आणि तोही प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या साइटवर सांगितलेला असेल तरच.

मराठी टायपिंगसाठी तर बाहेर जायची गरजच नाही. उबंटू आणि डेबियनच्या गोदामात 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज आहे, ते टाकून सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडायचा. अक्षरं मोडलेली दिसत असतील तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं बनवलेलं 'बॉस लिनक्स' डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे ॲप्टची सवय तिथंही उपयोगी पडते.

आणखी दोन नेहमीचे एरर. 'लॉक मिळालं नाही' असं आलं तर बहुतेकदा मागे दुसरं अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा, लॉकची फाइल डिलीट करायला जाऊ नका. आणि इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड अर्धवट राहिलेलं काम पुरं करते. (शेवटचा 'ए' लहान लिपीतला, आधीच्या रेघांसकट.)

लिनस यांचं पुढे काय झालं?

स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागतात. त्यातल्या एका पॅकेजचा पॉप ओएसच्या गोदामात मेळ बसत नव्हता. ॲप्टनं आकडेमोड करून तोडगा काढला: स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपची पॅकेजेस काढा. गणित म्हणून तो बरोबर होता. ॲप स्टोअरनं हे पाहून नकार दिला होता, टर्मिनलनं मात्र विचारलं आणि होकार मिळाल्यावर करून टाकलं.

पॉप ओएस बनवणाऱ्या 'सिस्टिम७६' कंपनीनं गोदामातली चूक दुरुस्त केली आणि आपल्या ॲप्टमध्ये बदल केला, जेणेकरून नुसतं ते वाक्य टाइप करून महत्त्वाची पॅकेजेस काढता येऊ नयेत. पाठोपाठ मूळ ॲप्टमध्येही सुधारणा झाली. अत्यावश्यक म्हणून नोंदलेली पॅकेजेस काढून टाकण्याचा तोडगा ते आता स्वतःहून सुचवत नाही, सरळ एरर देऊन थांबतं.

एप्रिल २०२५ मध्ये ॲप्ट ३.० आलं आणि ऑगस्टमध्ये डेबियन १३ सोबत सगळ्यांपर्यंत पोहोचलं. आता यादी रकान्यांमध्ये आणि रंगांत दिसते. जे बसवलं जाणार ते हिरव्यात, आणि जे काढलं जाणार ते लाल अक्षरांत, 'वाय' दाबायच्या आधी.